इंजिन बदललं, पण ॲव्हरेज हलेना: जुन्या पिकअपच्या कामात या चुका टाळा

जुन्या महिंद्रा पिकअपला दुसरं इंजिन टाकलं की ॲव्हरेज आपोआप वाढतं, हा समज सातारा-सांगलीकडं चांगलाच पक्का आहे. गाडी बाहेर पडते, पिकअप छान लागतो, घाटात दम लागत नाही. पण पंपावर हिशेब केला की लिटरमागं एखादा किलोमीटर वाढलेला असतो, कधी तोही नाही. मग शिव्या इंजिनाला, नाहीतर ज्यानं ते विकलं त्याला. बहुतेक वेळा दोघंही निर्दोष असतात. इंजिन नवं आलेलं असतं आणि मागचं हाऊसिंग, म्हणजे मागच्या ॲक्सलचा गिअर असलेला डबा, जुनंच राहिलेलं असतं. खरी गडबड तिथं असते.

त्याआधी खर्चाचा हिशेब, कारण तो फारसा कुणी करत नाही. समजा डिझेल गाडी लिटरला 9 देते, ती 13 वर आणायची आहे आणि महिन्याला 1000 किलोमीटर फिरणं आहे. आज 111 लिटर लागतं, उद्या 77 लागेल. वाचलं 34 लिटर. डिझेल 90 रुपये धरलं तर महिन्याला तीन हजारांच्या आसपास सुटतात. इंजिन, गिअरबॉक्स, हाऊसिंग आणि मजुरी मिळून सव्वा लाख गेले, तर ते वसूल व्हायला साधारण तीन वर्षं पाच महिने लागतील. रोज भाजी किंवा द्राक्षं वाहणाऱ्या गाडीला हे परवडतं. वर्षाला दोन-तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या हौशी गाडीला नाही. तिथं इंजिन बदलायचं ते हौसेनंच, ॲव्हरेजचं नाव पुढं करू नये.

सगळ्यात मोठी चूक: क्राउन-पिनियन तसंच ठेवणं

क्राउन-पिनियन म्हणजे हाऊसिंगमधली गिअरची जोडी, जी शाफ्टचे फेरे कमी करून चाकांना देते. महिंद्राचं जुनं प्युजो एक्सडीपी 4.90 (हे मॉडेलचं नाव) इंजिन 2112 सीसीचं. त्याची पूर्ण ताकद 4500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) येते, म्हणजे ते उंच आरपीएमवर पळणारं इंजिन. त्याच्या मागं 5.38 किंवा 4.88 असा जड रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट किती फेरे घेतो तो आकडा) शोभून दिसायचा. आता त्याच जागी बोलेरोतलं 2523 सीसी डीआय (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं) टर्बो बसवलं. त्याचे 63 बीएचपी 3200 आरपीएमलाच येतात आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, तर 1500 च्या आसपासच भरतो. हे इंजिन खालून ओढणारं आहे. त्याला 5.38 च्या हाऊसिंगवर पळवणं म्हणजे बैलाला घोड्याच्या चालीनं हाकणं.

आकड्यांत बघा. टायरचा एक फेरा 2.2 मीटर धरला तर ताशी 80 ला चाक मिनिटाला साधारण 606 फेरे मारतं. गाडी टॉप गिअरला, रेशो सरळ एकास एक.

5.38 ला इंजिन 3260 आरपीएमवर असेल
4.88 ला 2957
4.27 ला 2588
3.73 ला 2260

म्हणजे 5.38 वर ताशी 80 ला डीआय इंजिन आपल्या ताकदीच्या टोकाच्याही पुढं गेलेलं असतं. कराड ते सातारा महामार्गावर असं तासभर पळवलं तर डिझेल धो धो जाणारच. रस्त्यावरच्या वेगाला 2000 ते 2500 आरपीएम पडेल असं जुळवलं की तेच इंजिन निम्मंसुद्धा ओरडत नाही.

आपल्या गाडीत कोणता रेशो आहे हे कागदावर शोधू नका. जुन्या गाड्यांची हाऊसिंगं इकडची तिकडं झालेली असतात. कव्हर उघडलंच असेल तर दाते मोजा: 43 आणि 8 म्हणजे 5.38, 39 आणि 8 म्हणजे 4.88, 47 आणि 11 म्हणजे 4.27, 41 आणि 11 म्हणजे 3.73. कव्हर उघडायचं नसेल तर मागचं एकच चाक जॅकवर घ्या, दुसरं जमिनीवर राहू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये. प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूनं खूण करा. उचललेलं चाक पूर्ण दोन वेळा फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. जेवढे फेरे, तेवढा रेशो. शाफ्ट सव्वाचार फिरला तर 4.27, पाचापेक्षा थोडा कमी फिरला तर 4.88.

इथं एक सांगायलाच हवं. जुन्या जीपच्या घराण्यातल्या अनेक गाड्यांत हँडब्रेक चाकांना नसतो, ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा डबा) मागं शाफ्टवर असतो. तो ओढलेला असेल तर शाफ्ट फिरणार नाही, म्हणून सोडावा लागतो. आणि ओढलेला असला तरी मागचं एक चाक हवेत असताना तो गाडी धरून ठेवत नाही, कारण डिफरन्शिअलमधून (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारे हाऊसिंगमधले गिअर) एक चाक उलटं फिरून दुसरं सुटतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्याशिवाय जॅक मारू नका, आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.

मग सगळ्यांनीच 3.73 टाकावा का? नाही. वाईहून पसरणी घाटातून पाचगणी-महाबळेश्वरला रोज भरलेली गाडी चढवणाऱ्यानं तो टाकला तर टॉप गिअर फक्त नावाला उरेल. अख्खा घाट दुसऱ्या गिअरवर, इंजिन दबलेलं, मागं काळा धूर. अशा गाडीला 4.27 बरा. किंवा 4.88 तसाच ठेवून पाच गिअरचा बॉक्स घ्या. पाचवा 0.8 च्या आसपास असेल तर सपाटीवर 4.88 चा परिणाम 3.9 सारखा मिळतो आणि घाटासाठी खालचे गिअर जड राहतात. मिरज, तासगाव, विटा अशा बऱ्यापैकी सपाट फिरणाऱ्या गाडीला 3.73 चालून जातो. गाडी फोर बाय फोर असेल तर पुढचं आणि मागचं हाऊसिंग एकाच रेशोचं लागतं. एकच बदललं तर फोर व्हील टाकल्याबरोबर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी भांडतील आणि ट्रान्स्फर केस जाम होईल. हा दुप्पट खर्च आधीच धरावा.

मीटर खोटं बोलतं, ॲव्हरेज उगाच कमी दिसतं

रेशो बदलला आणि ॲव्हरेज उलट घसरलं, ही तक्रार हमखास येते. कारण बऱ्याचदा मीटरमध्ये असतं. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्स्फर केसच्या शेपटीतून निघते, म्हणजे ती शाफ्टचे फेरे मोजते, चाकाचे नाही. 5.38 चा 4.27 केला की त्याच अंतराला शाफ्ट कमी फिरतो आणि गाडी 100 किलोमीटर गेली तरी मीटरवर 79 च पडतात. 8 लिटर गेलं असेल तर खरं ॲव्हरेज 12.5, पण मीटरवरून हिशेब केला तर 9.9. मालकाचा जीव कासावीस, मेकॅनिकची मान खाली, आणि गाडीत काहीच बिघाड नाही.

महामार्गावर किलोमीटरचे दगड बघत सलग 20 किलोमीटर चालवा आणि मीटरवर किती पडले ते लिहा. फोनवरच्या जीपीएसनंही चालतं. 20 ला 15.9 पडले तर मीटरच्या प्रत्येक आकड्याला 20 भागिले 15.9, म्हणजे 1.26 नं गुणा. पुढं जमेल तेव्हा केबलची छोटी पिनियन बदला. टायरचा साइज बदलला तरी हीच भानगड होते.

ॲव्हरेज काढताना टाकी दोन्ही वेळा गळ्यापर्यंत भरा, तीही त्याच पंपावर, गाडी त्याच बाजूला उभी करून. जुन्या टाकीचा गळा वाकडा असतो; गाडी जराशी कलली तरी दोन-तीन लिटर इकडं तिकडं होतं. मध्ये निदान 250 किलोमीटर जाऊ द्या. पाच लिटरच्या डब्यावर काढलेलं ॲव्हरेज बोलायला ठीक, निर्णय घ्यायला नाही.

पंप आणि नोझल: एका स्क्रूचा मोह

इंजिन बसलं, गाडीत जोर कमी वाटला, की कुणीतरी इंजिनाच्या डिझेल पंपाचा (सिलिंडरला डिझेल मोजून देणारा) स्क्रू फिरवतो. गाडी लगेच उड्या मारायला लागते आणि मालक खूश. पण जळायला तेवढी हवा नसेल तर जादा डिझेल काळा धूर होऊन बाहेर जातं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथं सांगलीपेक्षा हवा सात-आठ टक्के विरळ असते. सांगलीत जेमतेम सहन होणारी सेटिंग वर गेल्यावर धुराडं होते. पंपाचं सील तुटलेलं असेल तर अंदाजानं उलटा फिरवत बसू नका. पंप उतरवून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून घ्या.

नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं टोक) तपासताना नुसतं ‘फवारा येतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. चारही नोझल कंपनीनं दिलेल्या प्रेशरलाच उघडायला हवेत, फवारा धुक्यासारखा बारीक हवा आणि शेवटी टोकावर थेंब लटकता कामा नये. थेंब लटकला की तोच पिस्टनवर पडून अर्धवट जळतो. बसवताना तांब्याचा वायसर दरवेळी नवा घ्या. जुना वायसर खाली भोकातच चिकटून राहतो, वर नवा टाकला जातो आणि दोन वायसरमुळं नोझलचं टोक वर उचललं जातं. मग फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही. टॉर्च लावून भोकात बघायला अर्धा मिनिट लागतं, पण बघितलं जात नाही.

टायमिंगची, म्हणजे डिझेल नेमकं कधी फवारायचं त्या जुळणीची, चूक इंजिन बदलताना जास्त होते, कारण फ्लायव्हील आणि बेल हाऊसिंग कधी कधी दुसऱ्याच इंजिनाची जुळवलेली असतात. तेव्हा फ्लायव्हीलवरच्या खुणेवर विश्वास ठेवता येत नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतात, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, तेव्हा पहिला कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असतो. तिथून डायल गेज लावून खरी खूण काढा आणि मग पंप जुळवा. टायमिंग मागं राहिलं तर पांढरा धूर, तापलेला सायलेन्सर आणि मेलेली गाडी. पुढं गेलं तर कडक टकटक. निळा धूर असेल तर पंपाला हात लावू नका, तिथं इंजिन ऑइल जळतंय.

पेट्रोल गाडी डिझेल केली असेल तर टाकीला रिटर्न पाइप आहे का बघा. ओव्हरफ्लोचं डिझेल टाकीतच परत गेलं पाहिजे. जुन्या टाकीचा गंज फिल्टर तुंबवतो, तेव्हा टाकी आतून धुऊन घ्या. जोडाला जिथून डिझेल गळत नाही तिथूनसुद्धा हवा आत ओढली जाऊ शकते. पाइपात एक फूट पारदर्शक नळी तात्पुरती लावा. बुडबुडे दिसले तर कुठल्यातरी जोडाचा वायसर गेलाय.

थर्मोस्टॅट काढून टाकू नका

नव्या इंजिनाला जुना पेट्रोलचा रेडिएटर पुरत नाही, गाडी तापते, आणि उपाय म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून फेकला जातो. मग हिवाळ्यात पहाटे निघालेली गाडी तासभर थंडच राहते. थंड इंजिन जास्त डिझेल पितं, लवकर घासतं आणि ऑइलमध्ये काजळी साठते. रेडिएटर नीट साइजचा घ्या, पंख्याभोवती शीट मेटलचं कव्हर करा म्हणजे पंखा रेडिएटरमधूनच हवा ओढेल, आणि थर्मोस्टॅट जागेवर ठेवा. जुन्या डॅशबोर्डचा काटा आणि नव्या इंजिनाचा सेन्सर यांचं जमतंच असं नाही. गाडी तापतेय की काटाच चुकतोय, ते वेगळा थर्मामीटर लावून बघा.

सायलेन्सरचा जुना दीड इंची पाइप टर्बोला गळा दाबल्यासारखा असतो. किमान दोन इंची करा आणि वाकण कमी ठेवा. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी होजवर साबणाचं पाणी टाकून गळती बघा. क्लिप सैल असेल तर शिट्टीसारखा आवाज, कमी जोर आणि काळा धूर असं तिन्ही एकदम मिळतं.

जे इंजिनाशी संबंधित नाही

दहा किलोमीटर ब्रेक फारसा न वापरता चालवा, थांबून चारही ड्रमजवळ हात न्या. चटका न लागेल इतपत अंतर ठेवा. एखादा बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ब्रेक चिकटतोय. जुन्या इंजिनाला ताकद नव्हती तेव्हा हे जाणवायचं. नवं इंजिन चिकटलेला ब्रेकही ओढून नेतं आणि डिझेलमध्ये पैसे घेतं. क्लचच्या पेडलला 20 ते 25 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, नाहीतर चढाला प्लेट घसरते. डिझेल इंजिन जड असतं. पुढचे पाटे दबले की पुढच्या चाकांची जुळणी बदलते. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असणं) एक ते अडीच मिलिमीटरमध्ये आणा. ताडपत्री घट्ट बांधा, फडफडणारी ताडपत्री म्हणजे उघडं शीड.

कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारं नव्या पद्धतीचं डिझेल) इंजिन जुन्या पिकअपला बसवायचा मोह आवरा. त्याला नुसतं इंजिन पुरत नाही; ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), संपूर्ण वायरिंग, सेन्सरवालं पेडल, सगळं एकाच गाडीचं लागतं. एक तुकडा कमी पडला की गाडी रांगतच चालते.

कागदपत्रांचं: इंजिन नंबर आरसीवर असतो आणि इंधनाचा प्रकारही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय चालत नाही, आणि आधीच झालेला बदल 14 दिवसांत कळवावा लागतो. एमएच 11, एमएच 10 किंवा एमएच 50, जिथं गाडी आहे तिथं इंजिन खरेदी करण्याआधी चौकशी करा. भंगारातून इंजिन घेताना ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद आणि पक्कं बिल मागून घ्या. नंबर खोडलेलं इंजिन कितीही स्वस्त मिळालं तरी नको. पुढं अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर पहिल्यांदा तोच नंबर बघतो.

काम झाल्यावर पहिल्या टाकीच्या आकड्यावर जाऊ नका. जुळणी बसायला वेळ लागतो, ऑइलचे जोड गळतात, केबल ताणतात. पाच टाक्या लिहून काढा आणि कुठल्या महिन्यातल्या तेही लिहा. उसाच्या हंगामात कारखान्याच्या वाटेवर दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागं तिसऱ्या गिअरवर सरकणारी गाडी आणि जूनमध्ये मोकळ्या रस्त्यावर पळणारी गाडी, यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे नसतात.