रंग उडालेल्या लेदर सीट घरच्या घरी पूर्ववत कशा कराव्यात

एप्रिल-मेमध्ये सोलापूरच्या उन्हात काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीच्या आतलं तापमान सहज ६० अंशांच्या वर जातं. काळं लेदर आधी राखाडी दिसू लागतं. मग ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या कडेला बारीक चिरा पडतात, कारण चढता-उतरता मांडी रोज त्याच जागी घासते. अशा वेळी बहुतेकांची पहिली धाव खोबरेल तेलाकडे किंवा बुटाच्या पॉलिशकडे असते. कृपा करून दोन्ही टाळा. गाडीतल्या बहुतेक लेदरवर कारखान्यातच रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर चढवलेला असतो. तेल त्यातून आत मुरत नाही. ते वरच राहतं, त्यावर धूळ बसते, आणि पुढे खरा रंग द्यायची वेळ आली की तेलकट जागेवर रंग धरत नाही. बुटाचं पॉलिश गरम सीटवरून थेट शर्टाच्या पाठीवर येतं.

रंग उडाला म्हणजे बहुतेक वेळा हा वरचा थर झिजलेला असतो, खालचं चामडं धड असतं. म्हणूनच हे काम घरी जमतं. मात्र त्यात रंग देण्यापेक्षा सफाईला जास्त वेळ द्यावा लागतो. दोन महिन्यांत रंगाचे पोपडे सुटले, तर दोष बहुधा सफाईत राहिलेला असतो.

आधी सीट कशाची आहे ते पाहा

पुष्कळ गाड्यांत बसायचा आणि टेकायचा भाग लेदरचा, तर बाजू आणि पाठ रेक्झिनची असते. सीटच्या खालची दुमडलेली कड उलटून पाहा. मागे केसाळ, मऊ धागे दिसले तर चामडं, विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन. रेक्झिनवरही हाच रंग बसतो, पण त्याचा वरचा थर कापडापासून सुटून पापुद्रे निघत असतील तर रंगाचा उपयोग नाही. तिथे कव्हरच बदलावं लागतं.

मग नकळत्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब तसाच राहिला तर वरचा थर शाबूत आहे. लगेच मुरून डाग गडद झाला, तर एकतर थर झिजला आहे किंवा लेदर मुळातच थराविना आहे. सीटभर, अगदी न झिजलेल्या कोपऱ्यातही पाणी मुरत असेल तर ते काम कारागिराकडे द्या.

साहित्य

लेदर क्लीनर, मऊ केसांचा ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ८०० आणि १००० नंबरचा पॉलिश पेपर, लेदर फिलर (चिरा भरायचा लगदा), पाण्यात मिसळणारा लेदरचा रंग, मॅट किंवा सॅटिन टॉपकोट (रंगावर द्यायचा पारदर्शक थर), बारीक छिद्रांचे स्पंज, मास्किंग टेप, हेअर ड्रायर. पुढच्या दोन सीटना साधारण २५० मिली रंग पुरतो, पाच जणांच्या पूर्ण गाडीला ५०० मिली धरावा. पुसायला सोलापुरी टॉवेलचे जुने, धुऊन मऊ झालेले पांढरे तुकडे उत्तम. टेरीचे फासे रेघांत बसलेला मळ उचलतात आणि पांढऱ्यावर मळ निघतोय की रंग, ते लगेच कळतं. पाणी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरच वापरा. बोअरच्या जड पाण्याचे क्षार शिलाईत पांढरे उमटतात.

कधी करावं

जानेवारीत संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आसपासचे दिवस सर्वांत चांगले: हवा कोरडी, ऊन सोसणारं. मे महिन्यात करायचंच असेल तर पहाटे सुरू करून दहाच्या आत थांबा. सीट तापलेली असली की रंग पसरण्याआधीच स्पंजवर वाळतो आणि पट्टे उमटतात. पावसाळी दमट हवेत उलट होतं, थर वाळत नाही आणि चिकट राहतो. गाडी सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर लावा. ओल्या थरावर बसलेली धूळ नंतर घासूनच काढावी लागते.

सफाई

१. शिवणीतली धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्या. क्लीनर सीटवर न फवारता ब्रशवर घ्या, फेस काढत गोलाकार घासा आणि फेस वाळण्याआधी टॉवेलने टिपा. एका वेळी वहीच्या पानाएवढाच भाग करा. छिद्रांच्या सीटवर ब्रश जवळजवळ कोरडा हवा. आत फोम असतो, काही गाड्यांत सेन्सर आणि पंखाही असतो.

टॉवेल स्वच्छ निघेपर्यंत हे करत राहा. एवढ्यानेच काही सीटचा अर्धा रंग परत दिसतो, कारण जे उडालेलं वाटत होतं ते घामाचं आणि धुळीचं किटण असतं. तसं झालं तर इथेच थांबा. लेदर कंडिशनरचा एक पातळ हात देऊन मोकळे व्हा.

२. रंग द्यायचाच असेल तर अल्कोहोल आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळून कापडाने सगळा भाग दोनदा पुसा, दर वेळी कापडाची नवी बाजू घेऊन. डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमधलं सिलिकॉन सीटवर उडालेलं असतं, ते एका फेरीत जात नाही. राहिलं तर रंग त्या जागेवरून सरकतो आणि बारीक गोल डोळे पडतात. दारं उघडी ठेवा, जवळपास काडी पेटवू नका.

३. ८०० नंबरच्या पेपरने झिजलेल्या जागा हलक्या हाताने घासा. चिरांच्या उभ्या राहिलेल्या कडा बसल्या पाहिजेत, चामड्याचं दाणेदार पोत जाता कामा नये. पुन्हा अल्कोहोलने पुसा.

चिरा भरणं

फिलर प्लास्टिकच्या पातळ पट्टीने चिरेत दाबा, वरचा लगेच पुसून काढा. एकाच जाड थरात भरला तर तो आतून ओला राहतो, आकसतो, आणि पहिल्यांदा बसताच चीर पुन्हा उघडते. तीन-चार पातळ थर द्या, प्रत्येक वाळू द्या, शेवटी १००० नंबरने सपाट करा. ज्या बाजूला एअरबॅगची पट्टी दिसते तिथल्या शिवणीवर फिलर किंवा गोंद मुळीच लावू नका. ती शिवण वेळेला फाटायलाच बनवलेली असते.

रंग

काळाही एक नसतो, कुठे निळसर तर कुठे तांबूस. जुळवण्यासाठी हेडरेस्टखालची, ऊन न लागलेली जागा नमुना धरा. पाण्याचा रंग ओला असताना फिका आणि दुधाळ दिसतो, वाळल्यावर गडद होतो. म्हणून कागदावर थेंब वाळवून दिवसाच्या उजेडात तपासा. गडद छटा मिसळायची तर काडेपेटीच्या काडीच्या टोकाने, थोडी-थोडी. बेज सीटमध्ये काळा जरा जास्त पडला की परतायला बराच पांढरा आणि पिवळा वाया जातो.

शिलाईचा दोरा, बकल, प्लास्टिक हे सगळं टेपने झाका. बाटली नीट हलवा, स्पंजवर सुपारीएवढा रंग घ्या आणि पहिला हात दाबून-दाबून चोळा, म्हणजे तो रेघांत उतरतो. हा हात डागाळलेला, विरळ दिसेल. घाबरून तिथेच जाड थर देऊ नका. हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून सतत हलवत वाळवा. ओलसर चामडं एका जागी तापलं की आकसतं आणि ते पुन्हा ताणलं जात नाही. पुढचे हात स्पंज टिपत, दर वेळी दिशा बदलून द्या. गडद सीटला तीन-चार, फिक्या सीटला पाच-सहा हात लागतात. छिद्रं बुजू लागली तर रंग ओला असतानाच सुईने मोकळी करा.

टॉपकोट

रंगाला झिजेपासून वाचवतो तो हाच, त्यामुळे हा टप्पा गाळू नका. तीन पातळ हात पुरतात. बरोबर हार्डनर (थर कडक करणारं द्रव्य) असेल तर बाटलीवरच्या प्रमाणात, लागेल तेवढंच मिसळा, कारण मिसळलेलं दुसऱ्या दिवशी चालत नाही. स्टिअरिंग आणि ड्रायव्हर सीटच्या कडेला हार्डनरशिवाय टॉपकोट देऊ नये, तिथे हाताचा घाम आणि घासणी दोन्ही असतात. ग्लॉस मात्र टाळा. नव्या गाडीचं लेदर चमकत नाही, आणि उन्हात ग्लॉस डोळ्यांवर येतो.

२४ तास सीटवर बसू नका. थर पूर्ण घट्ट व्हायला आठवडा लागतो. तोवर ओलं कापड लावू नका आणि सीटवर सामान ठेवू नका. नव्या जीन्सचा निळा डाग फिक्या सीटवर लागतो तो याच दिवसांत खोल बसतो.

त्यानंतर दोन आठवड्यांनी एकदा ओलसर टॉवेल आणि तीन महिन्यांनी क्लीनर पुरे. गाडी दिवसभर उन्हात राहणार असेल तर पुढच्या काचेला चांदीचा सनशेड लावा आणि टेकायच्या भागावर जुनी सोलापुरी चादर टाका. मागच्या काचेतून येणारं दुपारचं ऊन मागच्या सीटच्या वरच्या कडेवर पडतं. तिचा रंग बाकीच्यांआधी जातो, तेव्हा चादर तिथवर ओढून घ्या.