जुन्या वस्तूंचे फोटो काढताना या चुका टाळा

तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, दाराची गंजलेली कडी, पोपडे सुटलेली चुन्याची भिंत यांचे फोटो काढण्यासाठी घरापासून लांब जावे लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच नवशिके हे काम पाच मिनिटांत उरकू पाहतात.

सर्वांत जास्त चीड आणणारी चूक म्हणजे फोटोआधी वस्तू घासणे. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाला मी त्याच्या आजोळच्या बंबाचा फोटो काढायला सांगितले होते. धुराने काळवंडलेला आणि तोटीभोवती हिरवी पुटे चढलेला तो बंब मी स्वतः पाहिला होता. फोटो काढायचा आहे हे कळताच आजींनी चिंच आणि मीठ लावून तो लख्ख केला आणि हा पठ्ठ्या शेजारी उभा राहून पाहत राहिला. चिंचेतल्या आम्लाने तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळतो, म्हणजे ज्यासाठी फोटो काढायचा तेच मोरीत वाहून जाते. शिवाय घासलेल्या तांब्याचा फुगीर आरसा होतो. त्याच्या फोटोत बंबापेक्षा खिडकी, ट्यूबलाइट आणि पिवळा टी-शर्ट घातलेला तो स्वतःच ठळक दिसत होता. आजींना दोष देण्यात अर्थ नाही, कारण भांडे कळकट ठेवून त्याचा फोटो काढायचा हे त्यांना पटणे अवघडच होते. तोंड उघडायला हवे होते ते नातवाने. मी कोरड्या ब्रशने जळमटे तेवढी काढतो, त्यापुढे वस्तूला हात लावत नाही. भांडे आधीच चकचकीत असेल, तर खिडकीवर जुने पांढरे धोतर टांगतो, दिवे बंद करतो आणि गडद रंगाचा सदरा घालतो.

दुसरी चूक प्रकाशाची. ‘सकाळचे कोवळे ऊन उत्तम’ हे वाक्य पाठ करून लोक सूर्योदयाला पूर्वाभिमुख दारासमोर उभे राहतात आणि लाकडाच्या रेषा का दिसत नाहीत, असे मला विचारतात. त्या वेळी ऊन दारावर समोरून पडते, त्यामुळे उंचवट्यांच्या सावल्या पडत नाहीत आणि दार सपाट दिसते. पोत उठून दिसण्यासाठी ऊन पृष्ठभागाला घासून जावे लागते. पूर्वेच्या दारावर ते दुपारच्या थोडे आधी, सूर्य वर चढल्यावर मिळते. दक्षिणेच्या भिंतीवर हिवाळ्यात सकाळी लवकर आणि सायंकाळी. उत्तरेच्या भिंतीला एरवी ऊन फारसे नसते, पण मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवत असल्याने सकाळी तिच्यावर सुंदर तिरपा प्रकाश येतो, आणि त्यासाठी वर्षभर थांबायची तयारी असावी. घरात पाट्यावरचे टाकीचे घाव दाखवायचे असतील, तर पाटा खिडकीलगत ठेवून प्रकाश एका बाजूनेच येऊ द्यावा. समोरून फ्लॅश मारला की ते घाव नाहीसे झालेच म्हणून समजावे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. कॅमेरा समोरचे सगळे मध्यम करड्या छटेत बसवू पाहतो, त्यामुळे काळा दगड राखाडी आणि चुन्याची भिंत मळकट येते. दगडासाठी एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, कमी आणि भिंतीसाठी जास्त करावे. मोबाइल कडीला टेकवू नये, कारण फार जवळून फोकस लागत नाही. थोडे मागे सरकून नंतर फोटो कापावा. बोटांच्या तेलाने माखलेली लेन्स आधी पुसावी. वस्तूशेजारी झेंडूची फुले मांडू नयेत. रंग उडालेल्या दाराचे सॅच्युरेशन, म्हणजे फोटोतल्या रंगांचा भडकपणा, वाढवणाऱ्याने सरळ त्या दाराला ऑइलपेंट लावावा. पिवळा बल्ब आणि खिडकीचा उजेड एकत्र असेल, तर पितळ एका बाजूला नारिंगी आणि दुसऱ्या बाजूला निळसर येते, आणि ते नंतर संगणकावर निस्तरत बसण्यापेक्षा बल्बचे बटण बंद करणे सोपे असते.