लाकडी बांधकामावर संशोधन करायचंय? आधी एक अख्खं वर्ष मोजा

एम.टेक. किंवा पीएचडीला नुकतंच लागलेलं कुणी ना कुणी दर उन्हाळ्यात मला विचारतं, लाकडी बांधकाम आणि स्ट्रक्चरल हेल्थ मॉनिटरिंग (सेन्सर लावून इमारतीची तब्येत जोखणं) हा विषय घेऊ का? घ्या. पण घेण्याआधी हे वाचा. कंपनं मोजणारा ॲक्सेलरोमीटर आणि त्या कंपनांतून फ्रीक्वेन्सी काढायच्या एफएफटी, मोडल ॲनालिसिस या पद्धती तुम्हाला येतात असं धरून लिहिते आहे.

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर परदेशातले लाकडी टॉवर असतात. नॉर्वेतला ८५.४ मीटरचा म्योस्तोर्नेत, मिलवॉकीमधला २५ मजली ॲसेंट. सुंदर कामं आहेत, वाचा जरूर. पण नाशकात बसून सीएलटीवर (फळ्यांचे आडवे-उभे थर चिकटवून केलेल्या लाकडी पॅनेलवर) प्रबंध लिहायचा तर चाचणीसाठी एक पॅनेल मिळवतानाच वर्ष जातं. उलट जुन्या नाशकात सागाचे खांब, तुळया, कडीपाट असलेले वाडे अजून उभे आहेत. पावसाळा तोंडावर आला की महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते, आणि पावसाळ्यात एखाद्या वाड्याची भिंत किंवा माडी पडल्याची बातमी येतेच. ‘पाडा’ आणि ‘अजून राहू द्या’ यांच्यामध्ये ठेवायला कुणाकडे धड आकडा नसतो. तो आकडा मिळवणं हे माझ्या मते आपलं काम आहे.

‘सस्टेनेबल’ हा शब्दही इथेच खरा ठरतो. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो, म्हणजे एक घनमीटर सागात जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. लाकूड कुजलं किंवा जळलं की तो परत हवेत. त्यामुळे उभ्या तुळईचं आयुष्य पन्नास वर्षांनी वाढवणं हे नवी इमारत बांधण्याइतकंच पर्यावरणाचं काम आहे. अनुदानाच्या अर्जात हे ठासून लिहा.

आता ज्या सापळ्यात माझं जवळजवळ अख्खं वर्ष अडकलं, त्याबद्दल. इथे मी लांबण लावणार आहे, कारण मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

आमच्या वाड्यात सेन्सर बसले ते हिवाळा सरता सरता, कारण उपकरणांचे पैसे तेव्हा सुटले. पहिल्या मजल्याची फ्रीक्वेन्सी, म्हणजे मजला सेकंदाला किती वेळा थरथरतो तो आकडा, मेअखेरपर्यंत स्थिर होती. रचना सैल पडली की हा आकडा उतरतो. जून उजाडला, पाऊस लागला आणि ती उतरायला लागली. जुलैत आणखी खाली. गाईड म्हणाले, जोड सैल होतोय, पेपर लिही. वाड्याच्या मालकीणबाई, मी त्यांना काकूच म्हणते, म्हणाल्या, “अगं, माजघराचं दारही नागपंचमीच्या सुमारास लागत नाही. दिवाळीनंतर आपोआप लागायला लागतं.” काकूंच्या या वाक्यात जे होतं ते आमच्या सगळ्या डेटात नव्हतं: मागच्या वर्षी काय झालं होतं.

लाकूड हवेतला ओलावा पितं. ओलाव्याचं प्रमाण साधारण २८-३० टक्क्यांच्या खाली असेल, तर वाढणाऱ्या दर टक्क्यामागे स्टिफनेस (ताठपणा) कमी होतो आणि वजन वाढतं. फ्रीक्वेन्सी ही स्टिफनेस भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळावर चालते, म्हणजे दोन्हीकडून मार. एका सुट्या तुळईचा हिशोब करून बघा. ओलावा १० वरून १६ टक्क्यांवर गेला. दर टक्क्याला स्टिफनेस दीड टक्का कमी होतो असं धरलं, तर ९ टक्के गेला. वजन सुमारे साडेपाच टक्के वाढलं. फ्रीक्वेन्सी ७ टक्क्यांनी खाली आली, आणि लाकडात एक तडाही गेलेला नाही. खऱ्या नुकसानीने पडणारा फरक पुष्कळदा याहून लहान असतो.

गंमत एवढ्यावर थांबत नाही. लाकूड फुगलं की खाचेत बसवलेला जोड घट्ट होतो, म्हणजे स्टिफनेस वाढतोही. कडीपाटावरच्या मातीच्या थरात गळतीचं पाणी मुरलं की मजला जड होतो. हे परिणाम एकमेकांच्या उलट दिशेने खेचतात, त्यामुळे दोन शेजारच्या खोल्या एकाच पावसात वेगळं वागतात. शिवाय जाड तुळईचा पृष्ठभाग काही दिवसांत ओला होतो, पण गाभ्यापर्यंत ओलावा पोचायला आठवडे किंवा महिने लागतात. म्हणून खोलीत नुसता हवेच्या आर्द्रतेचा सेन्सर टांगून भागत नाही. ऑगस्टमधल्या हवेशी ऑगस्टमधली फ्रीक्वेन्सी जुळवून बघाल, तर नातं विस्कटलेलंच दिसेल.

ओलावा लाकडातच मोजायचा, पृष्ठभागाजवळ आणि आत खोलवर अशा किमान दोन ठिकाणी, आणि शेजारी तापमानही. पिनांचा मीटर विद्युतरोध मोजतो. लाकूड गरम असलं की तो ओलावा फुगवून दाखवतो, आणि त्याचं मूळ कॅलिब्रेशन बहुधा विलायती सूचिपर्णी लाकडावर केलेलं असतं. सागासाठी दुरुस्ती स्वतः करा: तुकड्याचं वजन, मग ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवणं, पुन्हा वजन. टक्केवारी कोरड्या वजनावर काढायची. हे कंटाळवाणं काम आहे. टाळू नका.

पूल अभ्यासणाऱ्यांना हा धडा फार आधी मिळाला. स्वित्झर्लंडमधल्या झेड२४ या काँक्रीटच्या पुलावर १९९७-९८ मध्ये जवळपास वर्षभर नोंदी घेतल्या आणि मग पाडण्याआधी मुद्दाम टप्प्याटप्प्याने नुकसान केलं. थंडी शून्याखाली गेली की वरचं डांबर ताठरून फ्रीक्वेन्सी चांगलीच वाढायची. त्या पुलावरचे पेपर आधी वाचा, मग स्वतःच्या सेन्सरला हात लावा.

पण ओलाव्याला नुसता ‘नॉइज’ समजून गणितातून पुसून टाकू नका. २ जानेवारी २००६ रोजी जर्मनीतल्या बाड राइखेनहाल इथल्या आइस रिंकचं लाकडी छत कोसळून १५ जण गेले. तिथल्या तुळयांसाठी वापरलेला युरिया-फॉर्माल्डिहाइड गोंद वर्षानुवर्षांच्या दमटपणाने कमजोर झाला होता. म्हणजे जो ओलावा नुकसान झाकतो, तोच नुकसान करतोही. वर्षभर २० टक्क्यांच्या वर राहिलेला तुळईचा टोकाचा भाग, विशेषतः भिंतीत गेलेला, हा फ्रीक्वेन्सीच्या आलेखापेक्षा मोठा इशारा आहे. तिथे बुरशी येते, मागून वाळवी.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. चार महिन्यांचा डेटा घेऊन न्यूरल नेटवर्क शिकवलेले प्रबंध मी पाहिले आहेत. ‘निरोगी’ नोंदी सगळ्या उन्हाळ्यातल्या, ‘बिघडलेल्या’ सगळ्या पावसाळ्यातल्या. ते मॉडेल नुकसान ओळखत नाही, पाऊस ओळखतं. अशाच मॉडेलवर विसंबून उद्या कुणी एखाद्या कुटुंबाला वाडा सुरक्षित असल्याचं सांगेल, याची मला खरोखर भीती वाटते.

गाईड निवडताना प्रकाशनांची यादी बघू नका. शेवटचं साइटवर कधी गेला होतात, एवढं विचारा. आणि एक म्हातारा सुतार गाठा. कडेचं पांढरट लाकूड कुठे वापरलंय, कुठला खांब नंतर बदललाय, हे तो हातोडी ठोकून सांगतो. मला माझ्या विषयातलं निम्मं शिक्षण अशा एका मिस्त्रींकडून मिळालं आणि प्रबंधात त्यांचं नाव गाईडच्या बरोबरीने असावं असं मला वाटतं.

परवानगीचं प्रकरण नाजूक आहे. सरकारवाड्यासारख्या संरक्षित स्मारकात पुरातत्त्व विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एक स्क्रूही लावता येत नाही. खासगी वाड्यात वेगळाच धोका असतो. मालक आणि जुने भाडेकरू यांचा वाद चालू असेल, तर तुमचा आलेख एखाद्या बाजूचा पुरावा म्हणून कोर्टात जाऊ शकतो. दोन्ही बाजूंशी आधी बोला, डेटा कुणाचा हे कागदावर घ्या, आणि वाद पेटलेला असेल तर तो वाडा सोडून द्या, कितीही देखणा असला तरी.

कोडबद्दल, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकांबद्दल, थोडक्यात. आयएस ८८३ डिझाइनसाठी, आयएस १७०८ नमुन्यांच्या चाचण्यांसाठी, आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मधला लाकडाचा भाग. लाकडाच्या गुणधर्मांबद्दल अडलं तर डेहराडूनची वन संशोधन संस्था आणि बेंगळुरूची काष्ठ विज्ञान संस्था यांची प्रकाशनं चाळा.

नोकरीची काळजी घरचे करतीलच. लाकडापुरतं बघाल तर जागा थोड्या आहेत, हे खरं. पण हवामानाचा परिणाम वेगळा काढून रचनेचं वागणं वाचता येणं, हे कौशल्य सगळीकडे लागतं. धरण सुरक्षा कायदा २०२१ ने धरणांवर उपकरणं बसवणं बंधनकारक केलं आहे, आणि मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) व धरण सुरक्षितता संघटना दोन्ही आपल्या नाशकातच आहेत. धरणाच्या भिंतीचं हलणंही तापमान आणि पाणीपातळीबरोबर बदलतं. प्रश्न तोच आहे, फक्त लाकडाच्या जागी काँक्रीट. मुलाखतीला जाल तेव्हा हेच बोला.

उपकरणं अजून आली नसतील तर थांबू नका. पाडलेल्या वाड्याच्या सागाचा हातभर तुकडा वखारीतून आणा. दोन्ही टोकांना ऑइलपेंटचे जाड हात द्या, कारण टोकातून पाणी फार पटकन शिरतं आणि लांब तुळईत तसं होत नाही. ज्या खोलीत सेन्सर बसणार आहेत तिथे तो टांगा, आणि दर रविवारी वजन करून तारखेसह वहीत लिहा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. सेन्सर येतील तेव्हा तुमच्याकडे निदान काही महिन्यांचा ओलाव्याचा आलेख तयार असेल.