बेळगावच्या पावसाळ्यात स्पायडर प्लांट कसे जगवावे

स्पायडर प्लांट हे घरात वाढवायला सर्वांत सोपे झाड आहे, असे सगळीकडे सांगितले जाते आणि वर्षातले आठ महिने ते खरेही आहे. उरलेल्या चार महिन्यांत, म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत, बेळगाव आणि खानापूरच्या घरांमधली ही झाडे मोठ्या संख्येने मरतात, आणि त्यांतली बहुतेक पाण्यावाचून नव्हे तर पाण्यामुळे मरतात. म्हणून या लेखात बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगून पाण्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

रोप घेताना पानांवरचे पांढरे पट्टे पाहत बसू नये. बुंध्याच्या मधली कोवळी पाने हलकेच ओढून पाहावीत. ती घट्ट असतील तर रोप घ्यावे, हातात आली तर ते तिथेच ठेवावे.

कुंडी मातीची असावी, तळाला भोक असावे आणि आकार रोपाच्या मुळांपेक्षा दोन बोटेच मोठा असावा. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढते ही समजूत चुकीची आहे, कारण मुळे जिथवर पोहोचलेली नसतात तिथली माती नुसती ओली राहते. मातीसाठी खानापूरकडची तांबडी माती चाळून दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग आणि जाडसर वाळू किंवा भाताचे तूस एक भाग असे मिश्रण पुरते. अथणी, रायबाग, गोकाक या पट्ट्यातल्या वाचकांनी शेतातली काळी माती कुंडीत भरू नये. ती ओली असताना चिकटून बसते, वाळली की भेगाळते आणि दोन्ही वेळा मुळांना हवा मिळत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावण्याचा सल्ला अलीकडे फार दिला जातो. तो कोरड्या हवेच्या गावांना ठीक असेल, पण आपल्याकडे जुलैत कोकोपीट आठवडेच्या आठवडे सुकत नाही.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची, भरपूर उजेडाची पण एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हापासून वाचलेली असावी.

आता पाणी. या झाडाचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम कोमोसम असून ते मूळचे आफ्रिकेच्या उष्ण आणि दक्षिण भागातले आहे. आपल्याकडे औषधी मुळांसाठी प्रसिद्ध असलेली सफेद मुसळी याच क्लोरोफायटम वंशातली, आणि तिच्याप्रमाणे स्पायडर प्लांटची मुळेही जाड, पांढरी, गरदार असतात. त्या गरात झाड पाणी साठवून ठेवते. त्यामुळे मे महिन्यात घर बंद करून आठ-दहा दिवस गावी गेले तरी ते तग धरते. पण ज्याने आपली सोय आधीच करून ठेवली आहे त्याला रोज पेलाभर पाणी पाजले, तर तीच साठवणारी मुळे सर्वांत आधी सडतात. ‘रोज थोडे थोडे पाणी द्या’ हा या झाडाविषयीचा सर्वांत घातक सल्ला आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त दिला जाणाराही तोच आहे.

मलाही हाच टप्पा समजायला फार वेळ लागला, कारण सडलेल्या मुळांचे झाड आणि तहानलेले झाड वरून सारखेच दिसते. दोन्हींची पाने लुळी पडतात, रंग फिकटतो. माणूस पाने लुळी पाहून आणखी पाणी घालतो आणि झाड हातचे जाते. म्हणून पाने पाहून पाणी कधीही देऊ नये. कुंडी उचलून वजन पाहावे. भरपूर पाणी देऊन निथळल्यावर एकदा कुंडी उचलावी, आणि वरची माती कोरडी पडून कुंडी स्पष्ट हलकी लागेल तेव्हा पुन्हा उचलावी. हे दोन भार हाताला एकदा कळले की दुसऱ्या कशाची गरज उरत नाही. मातीत बोट खुपसून पाहण्याची पद्धत मला पुरेशी वाटत नाही, कारण बोट वरच्या दोन इंचांपर्यंतच जाते आणि सड तळाशी सुरू होते.

द्यायचे तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे आणि ताटलीत साचलेले लगेच ओतून टाकावे. उन्हाळ्यात ही पाळी साधारण आठवड्यातून दोनदा येते, थंडीत आठ-दहा दिवसांनी. पावसाळ्यात, वाळत घातलेले कपडे दोन-दोन दिवस ओलेच राहतात तेव्हा, दोन ते तीन आठवडे पाणी लागत नाही. त्या दिवसांत कुंडी पागोळ्यांखाली, अंगणात किंवा उघड्या गच्चीवर ठेवू नये, शोभेच्या बंद कुंडीत बसवू नये आणि पानांवर फवाराही मारू नये, कारण हवेतच पुरेशी ओल असते.

शंका आली तर झाड कुंडीतून काढून पाहण्यास कचरू नये. एक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढावे. निरोगी मूळ टणक असते आणि वाकवले तर कट्कन मोडते. सडलेल्या मुळाची तपकिरी साल बोटांत निसटून येते आणि मागे नुसता बारीक दोरा राहतो. अशी सर्व मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, झाड एक दिवस सावलीत उघडे ठेवावे, जवळजवळ कोरड्या मिश्रणात लावावे आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नये. बुंधाच मऊ पडला असेल तर झाड वाचवण्याचा हट्ट सोडून त्याची पिल्ले, म्हणजे लांब दांड्यांवर धरणारी छोटी रोपे, वेगळी लावावीत.

पानांची टोके तपकिरी होणे हा वेगळा प्रश्न आहे. त्याचे मोठे कारण पाण्यातले क्षार आणि फ्लोराइड असते, आणि बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत ते हमखास दिसते. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवले तर क्लोरीन उडून जाते. क्षार आणि फ्लोराइड मात्र तसेच राहतात, आणि पाणी उकळले तर उलट ते दाट होतात. आपल्या भागात पावसाचे पाणी फुकट मिळते. ते डब्यांत साठवून उन्हाळ्यात याच झाडांना द्यावे. खत महिन्यातून एकदा, तेही सांगितलेल्या मात्रेच्या निम्मे, आणि पावसाळ्यात अजिबात नाही.

हे झाड हवा शुद्ध करते म्हणून खोलीत चार कुंड्या ठेवणाऱ्यांना एक सांगावेसे वाटते: नासाचे १९८० च्या दशकातील ते प्रयोग बंद पेटीत केलेले होते. दारे-खिडक्या असलेल्या घरात चार झाडांनी हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. झाड देखणे आहे आणि मांजराने पान चावले तरी ते विषारी नाही, एवढी कारणे ते घरी आणायला पुरेशी आहेत.

पिल्लांसाठी घाई करू नये. झाड कुंडीत थोडे दाटले आणि दिवस लहान झाले की लांब दांडे फुटतात, त्यांवर सहा पाकळ्यांची बारीक पांढरी फुले येतात आणि मग पिल्ले धरतात. पिल्लाच्या बुडाशी मुळांचे कोंब दिसू लागल्यावर शेजारी मातीची छोटी कुंडी ठेवून पिल्लू दांड्यासकट तिच्यावर टेकवावे आणि वाकवलेल्या तारेने दाबून ठेवावे. तीन-चार आठवड्यांनी ते हलवून पाहावे. जागचे हलले नाही की दांडा कापावा. पाण्याच्या पेल्यातही मुळे फुटतात, पण ती मातीत रुजायला पुन्हा वेळ घेतात, म्हणून मी मातीच पसंत करतो.

कुंडी बदलायची ती फेब्रुवारीत, मुळे माती वर ढकलू लागली की. माती भरताना वर दोन बोटे जागा रिकामी सोडावी.