ड्रमचा स्मोकर करताय? आधी आत डोकावून बघा

अमेरिकेत परसात मांस धुरावर शिजवायला २०० लिटरचा लोखंडी ड्रम वापरतात. तसा स्मोकर, म्हणजे धुरावर शिजवायची भट्टी, करायचा असेल तर ड्रम निवडतानाच जपा. रसायनाचा नकोच. जस्ताचा मुलामा असलेला तर फुकट मिळाला तरी घेऊ नका, खूप तापला की त्याची वाफ विषारी असते. आत तांबूस लेप दिसला तर तो जाळून, खरवडून काढावा लागतो. त्यापेक्षा आतून लेप नसलेला कोरा ड्रम शोधा.

तळाशी हवेला तीन-चार भोकं, निखाऱ्यांपासून जाळी दोनेक फूट वर. थर्मामीटर जाळीच्या उंचीवरच लावा, साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअस राखा. आणि घाई नको: दाट पांढरा धूर मांस कडू करतो, तो पातळ, निळसर झाला की मगच मांस ठेवा.