ड्रोन उडवताना वॉचमनने अडवलं तर काय करायचं

सगळ्यात आधी ड्रोन खाली घ्या. कायदा, कलम, हक्क सगळं नंतर. वॉचमन ओरडत येतो तेव्हा आपण त्याच्याकडे वळतो, स्क्रीनवरची नजर हटते आणि वर मशीन एकटं पडतं, खरा अपघात तिथेच होतो. म्हणून त्याला शांतपणे एवढंच सांगा, "दादा, दोन मिनिटं, खाली उतरवतो मग बोलू, तोपर्यंत जरा लांब थांबा, पातं लागेल." रिमोट कुणाच्याही हातात द्यायचा नाही आणि उतरणारं ड्रोन कुणाला पकडू द्यायचं नाही, बोटं कापतात. सोबत एक मित्र असेल तर उत्तमच, तो बोलेल तुम्ही उडवा. आणि रिटर्न टू होमची (ड्रोन आपोआप उडालं त्या जागी परत आणणाऱ्या बटणाची) उंची उडवायच्या आधीच आजूबाजूच्या बिल्डिंगपेक्षा, झाडांपेक्षा जास्त लावून ठेवा, गडबडीत तेच बटण दाबलं जातं.

आता समोर कोण उभं आहे ते बघा, कारण युनिफॉर्म घातलेले सगळे सारखे नसतात. सीआयएसएफ किंवा पोलीस असतील तर वाद घालायचाच नाही, सांगतील ते ऐका आणि कागद दाखवा. मेट्रो, सरकारी इमारती अशा ठिकाणी महाराष्ट्र सुरक्षा बलाचे जवान असतात, ते राज्य सरकारच्या महामंडळाचे, त्यांनाही खाजगी वॉचमन समजू नका. उरले सोसायटी, मॉल, रिसॉर्ट, बिल्डरची साईट इथले एजन्सीचे गार्ड. त्यांना लागू होतो २००५ चा प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सीज कायदा, आणि त्यात पोलिसांचे अधिकार त्यांना कुठेही दिलेले नाहीत. उलट पोलिसासारखा किंवा लष्करासारखा दिसणारा ड्रेस घातला तर गार्डला आणि एजन्सीच्या मालकाला दोघांनाही शिक्षा आहे.

मग गार्डचा हक्क काय? जमिनीचा. तुम्ही त्याच्या मालकाच्या जागेत उभे असाल तर तो म्हणू शकतो बाहेर जा, आणि जायचं, अडून बसलात तर चूक तुमची होईल. पण तुम्ही सार्वजनिक रस्त्यावर, किनाऱ्यावर किंवा मित्राच्या शेतात त्याच्या परवानगीने उभे असाल तर "इथे ड्रोन अलाऊड नाही" हे ठरवणारा गार्ड नाही. कुठल्या आकाशात उडवायचं हे केंद्र सरकारच्या ड्रोन रूल्स २०२१ ने ठरतं, सोसायटीच्या सेक्रेटरीने नाही. गोव्यात रिसॉर्टवाले समोरचा बीच स्वतःचा असल्यासारखे हाकलतात, तो बीच त्यांचा नसतो. (पण दाबोळीजवळ, बोगमाळोला वगैरे उडवू नका, तिथे नौदलाचा तळ आणि विमानतळ आहे, तिथे गार्ड बरोबर आणि तुम्ही चूक.)

आणि हे सगळं तेव्हाच जमतं जेव्हा तुमची बाजू स्वच्छ आहे. घरून निघायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा नकाशा बघा. त्यात रेड म्हणजे केंद्राच्या परवानगीशिवाय बंद, यलो म्हणजे विमान वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, ग्रीन म्हणजे परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ५ किमीपर्यंत रेड झोन, ५ ते ८ किमी यलो, ८ ते १२ मध्ये २०० फुटांपर्यंतच ग्रीन, त्यापलीकडे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटर. मुंबईत तर बराचसा भाग असाच गेला, शिवाय मुंबई पोलीस वरचेवर ड्रोनबंदीचे आदेश काढतात, आता ते नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १६३ खाली निघतात, तो आदेश चालू असताना झोन ग्रीन आहे म्हणून सुटका नाही. ड्रोनचा युआयएन, म्हणजे सरकारी नोंदणीचा नंबर ड्रोनवर लिहिलेला हवा, मोबाईलमध्येही हवा. २ किलोपर्यंतचं ड्रोन नुसत्या हौसेसाठी उडवत असाल तर रिमोट पायलट सर्टिफिकेट (ड्रोन चालवण्याचा परवाना) लागत नाही, पण लग्नाचं शूटिंग घेऊन पैसे घेतलेत की ती हौस राहत नाही, मग २५० ग्रॅमच्या वर सर्टिफिकेट लागतंच. त्या दिवशीच्या नकाशाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि फ्लाईट लॉग डिलीट करू नका, किती उंच, कुठून उडालं सगळं त्यात असतं, पोलिसांसमोर तोंडी बोलण्यापेक्षा तेच कामी येतं.

एक गोष्ट मनापासून सांगतो, लोकांच्या खिडक्यांसमोर, बाल्कनीसमोर, स्विमिंग पूलवर ड्रोन नेऊ नका. अशा वेळी गार्ड ओरडला तर तो त्याचं काम करतोय. बाईचं खाजगी क्षणातलं चित्रण झालं तर न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ७७ लागतं, आणि हौस म्हणून केलं ही सबब तिथे चालत नाही.

आता गार्ड ऐकतच नसेल तर? तो तुमचं ड्रोन काढून घेऊ शकत नाही, मेमरी कार्ड मागू शकत नाही, फुटेज डिलीट करायला लावू शकत नाही, दंड तर अजिबात घेऊ शकत नाही. केबिनमध्ये बसवून ठेवणंही नाही. कुठलाही खाजगी माणूस दुसऱ्याला पकडू शकतो तो फक्त त्याच्या डोळ्यादेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर (किंवा तो घोषित फरारी गुन्हेगार असेल तर), आणि तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. वाट अडवून धरली तर न्याय संहितेचं १२६, कोंडून ठेवलं तर १२७. पण ही कलमं त्याच्या तोंडावर फेकू नका, तो बारा बारा तास उभा असतो आणि वरून कुणीतरी त्याला फोनवर झापत असतं. "दादा, तुमच्या सुपरवायझरला बोलवा, नाहीतर आपण ११२ ला फोन लावू, पोलीस येऊन कागद बघतील" एवढं म्हणा. पोलिसांचं नाव तुम्हीच आधी काढलं की बहुतेक वेळा आवाज खाली येतो. मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा पण त्याच्या नाकासमोर धरू नका.

ड्रोन कंपाउंडच्या आत पडलं तर भिंत चढायची नाही. गेटवर जा, सांगा, युआयएन दाखवा, द्यायला तयार नसतील तर पोलिसांना बोलवा, पडलेली वस्तू त्यांची होत नाही.

पोलीस आले आणि त्यांनी ड्रोन ताब्यात घेतलं तर हुज्जत नको, पंचनाम्याची प्रत आणि पावती मागा, त्यावर मॉडेल, सिरीयल नंबर आणि मेमरी कार्ड लिहिलंय का ते तिथेच वाचा. आणि गार्डने मारहाण किंवा तोडफोड केली असेल तर त्याच दिवशी पोलीस स्टेशनला लेखी तक्रार द्या, गार्डच्या ओळखपत्रावरचं एजन्सीचं नाव त्यात घाला, त्याची एक प्रत एजन्सीला लायसन्स देणाऱ्या राज्याच्या कंट्रोलिंग अथॉरिटीकडे पाठवा आणि दुसऱ्या प्रतीवर स्टेशनचा शिक्का घेऊन ती घरी ठेवा.