सोलापुरात जुनं दाढीचं मशीन कसं शोधावं, कसं पारखावं

‘अँटिक’ अशी पाटी लावलेलं दुकान सोलापुरात शोधत फिराल तर दिवस उन्हात जाईल. मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात जुन्या रेझरला गिऱ्हाईक असतं, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं आणि भावही तो तसाच सांगतो. आपल्याकडे तो अजून किलोवर जातो. फुटकी समई, नळाच्या तोट्या, बूड गेलेला तांब्या आणि त्यांच्यात कुठेतरी साबणाने लडबडलेला एखादा जिलेट. स्वस्त मिळण्याची शक्यता इथे जास्त, पण तो ओळखायचा तुम्हीच. विकणाऱ्याला त्यातलं काही सांगता येत नाही.

आधी काय हवं ते ठरवा

सेफ्टी रेझर म्हणजे इथे दुधारी ब्लेड बसणारं दाढीचं मशीन. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाने ते १९०३ साली बाजारात आणलं. त्या वर्षी खपले ५१ रेझर. पेटंट मिळालं १५ नोव्हेंबर १९०४ रोजी. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तुमच्या हाती लागतील ते बहुतेक दोन प्रकारचे असतील. पहिला तीन तुकड्यांचा: वरची टोपी, मधली तळपट्टी आणि खालचा दांडा. दांडा फिरवून काढला की सगळं सुटं होतं. तळपट्टीला कंगव्यासारखे दाते असतील तर रेझर बहुधा जुन्या काळचा. दात्यांऐवजी सरळ पट्टी असेल तर १९३०च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या जिलेटच्या ‘टेक’ मॉडेलच्या घराण्यातला. दुसरा प्रकार दारांचा. दांड्याच्या बुडाची चकती फिरवली की डोक्यावरची दोन दारं उघडतात, ब्लेड ठेवायचं, उलटं फिरवायचं, मिटतात. जिलेटचाच ‘अ‍ॅरिस्टोक्रॅट’ १९३४चा, ‘सुपर स्पीड’ १९४७चा, आणि इंग्लंडमध्ये बनलेला ‘रॉकेट’ त्याच जातीचा. मानेवर १ ते ९ आकडे असलेला, ब्लेड कमीजास्त उघडं ठेवता येणारा रेझर १९५० च्या दशकाच्या शेवटी आला. तो भंगारात दिसला तर घासाघीस फार लांबवू नका.

पहिल्यांदा घेणाऱ्याने तीन तुकड्यांचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात बिघडण्यासारखं काही नाही, आणि जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं.

काही वस्तू दिसायला देखण्या, पण दाढीच्या कामाच्या नाहीत. चपटी, निकेलची, नक्षीदार धातूची डबी आणि आत एका झाकणाला दगड, दुसऱ्याला चामडं, असं काही मिळालं तर तो इंग्लंडचा ‘रोल्स रेझर’. त्याचं जाड पातं फेकायचं नसे. डबीतच पुढेमागे सरकवून त्याला धार लावत. ही कंपनी पुढे वॉशिंग मशीनच्या धंद्यात शिरली आणि १९६४ साली बुडाली. ‘व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप’च्या डोक्यातून चामड्याचा पट्टा ओवून धार लावत, त्याचं ब्लेडही वेगळ्या आकाराचं. ‘जेम’ आणि ‘एव्हर रेडी’ एकधारी. या सगळ्यांना किराणा दुकानातलं साधं ब्लेड बसत नाही. शोकेससाठी खुशाल घ्या.

कुठे बघायचं

सगळ्यात आधी स्वतःच्या घरात. आजोबांची ट्रंक, माळ्यावरची पत्र्याची पेटी, आत्याच्या घरातलं गोदरेजचं कपाट. नातेवाइकांकडे दाढीच्या सामानाची चौकशी केली की लोक आधी हसतात, मग शोधायला लागतात.

सलूनमध्ये मात्र वेळ घालवू नका. न्हाव्याचं हत्यार वस्तरा होतं, सेफ्टी रेझर नव्हे. हे मशीन ज्याला घरी स्वतःची दाढी करायची सवय होती त्याच्याकडचं: गिरणीतला कारकून, रेल्वेचा गार्ड, वकील, मास्तर, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेला माणूस. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंगगिरजी, शिवाय रेल्वे. या शहरात पगारदार माणूस लवकर तयार झाला. त्यामुळे पेठांमधले वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहतात तेव्हा, किंवा रेल्वेतल्या निवृत्त माणसाचं घर आवरतं तेव्हा, जे सामान निघतं त्यावर लक्ष ठेवा.

बाहेर दोन ठिकाणं खरी. एक भंगारवाला. दुसरं, ज्याचा विचार फारसा कोणी करत नाही, ते भांड्यांचं दुकान. लोक जुनं पितळ मोडीत घालून नवं स्टील नेतात. रेझर पितळेचा असतो, म्हणून तोही मोडीच्या पोत्यात जातो. मधला मारुती, माणिक चौक या भागात भांडी घ्यायला गेलात तर मोड बघू देता का, एवढं विचारा. दुपारी, गिऱ्हाईक नसताना. गर्दीत विचारलंत तर ‘नाही’च ऐकू येईल.

हंगामही असतो. घटस्थापनेच्या आधी आणि मग दिवाळीला घरं आवरली जातात, तेव्हा भंगाराचे ढीग रोज बदलतात. सुट्टीच्या महिन्यात तोच माल धूळ खात पडलेला असतो.

विचारताना ‘अँटिक’ हा शब्द तोंडातून काढू नका, ‘विंटेज’ तर नकोच. एकदा तो उच्चारला की भाव तिप्पट. गल्लीतलं बोलणं साधारण असं होतं:

“चाचा, दाढीचं जुनं मशीन हाय का एखादं? ब्लेड घालायचं?”

“ते काय करता ओ? नवीन जिलेट मिळतंय की दुकानात.”

“वापरायला पाहिजे. बघू तरी द्या की.”

‘वापरायला’ म्हटलं की ती वस्तू पुन्हा वापरातली होते, दुर्मीळ राहत नाही. आणि ते खोटंही नाही.

हातात आल्यावर

इथे घाई नको. खिशात एक कोरं दुधारी ब्लेड वेष्टनासकट, एक छोटा लोहचुंबक आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरतं. भिंग असेल तर उत्तम.

पहिली गोष्ट, चकाकीला भुलायचं नाही. काळवंडलेला, साबणाच्या थराने पांढरा पडलेला रेझर धुतला की निघतो. बफ मारून झळाळी आणलेल्याचं काय करणार? बफने निकेलचा मुलामा जातो, कडांची धार मरते आणि अक्षरं पुसट होतात. मला तर मळकटच जास्त भरवशाचा वाटतो.

चुंबक दांड्याला लावा. पितळेला तो चिकटत नाही. घट्ट चिकटला तर दांडा लोखंडी, आत गंज असू शकतो. न चिकटणं मात्र पुरेसं नाही, कारण स्वस्त जस्ती मिश्रधातूलाही तो चिकटत नाही. तो धातू ओळखायचा मुलाम्यावरून: त्यावर फोड येतात आणि खालून राखाडी भुकटी निघते. पितळेचा मुलामा झिजला की खाली पिवळं दिसतं. पिवळं दिसलं तर ठीक, राखाडी दिसलं तर ठेवून द्या. हिरवट डाग म्हणजे पितळेचाच कळक, तो निघतो.

मग दांड्याची मान. जुन्या तीन तुकड्यांच्या रेझरचा दांडा पोकळ नळीचा असतो आणि वर्षानुवर्षं जोर लावून आवळल्यामुळे मानेजवळ उभी भेग जाते. केसाएवढी. टॉर्च तिरका धरून दांडा हळूहळू फिरवा, नख फिरवून बघा. भेग असेल तर आवळताना ती आणखी फाकणार. जोडकाम करून देणारा शोधण्यात रेझरपेक्षा जास्त पैसे जातील.

टोपीच्या मधला आटे असलेला खिळा सरळ आहे का ते बघा. रेझर न्हाणीघराच्या फरशीवर पडला की हाच वाकतो किंवा तळपट्टीचा कोपरा. दाते असतील तर उजेडासमोर धरा: एकही दाता आत किंवा बाहेर झुकलेला नको. एक वाकला की तिथे ब्लेड जास्त उघडं राहतं आणि हनुवटीवर तुम्हाला ते कळतं.

आता ब्लेड घाला. दुकानदाराला आधी सांगून, नाहीतर भंगाराच्या दुकानात पातं काढलेला माणूस बघून कोणीही दचकेल. दांडा आवळा आणि डोकं डोळ्यांसमोर आडवं धरून दोन्ही बाजूंनी बाहेर आलेली धार बघा. दोन्हीकडे सारखी हवी आणि पट्टीला समांतर हवी. तिरकी दिसली तरी लगेच टाकून देऊ नका. जरा सैल करून ब्लेड दोन्ही टोकांना बोटांनी सरळ धरा, पुन्हा आवळा. ब्लेडला थोडी जागा असते, तेवढ्यानेच बहुतेक वेळा नीट बसतं. दोनतीनदा करूनही एकच बाजू जास्त उघडी राहत असेल तर तळपट्टी वाकलेली आहे. या एका तपासणीत बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कळतं. वेळ कमी असेल तर हीच करा.

दारांच्या रेझरमध्ये दोन्ही दारं मिटल्यावर एका पातळीत येतात का बघा. चकती फिरतच नसेल तर पक्कड लावून बळजबरी करू नका. बऱ्याचदा आत वाळलेला साबण असतो आणि गरम पाण्यात तो सुटतो. पण दार एका बाजूला उचललेलं असेल तर ते वाकलेलं आहे. त्यावर घरी उपाय नाही.

शेवटी अक्षरं. ‘मेड इन इंग्लंड’ आणि ‘मेड इन यूएसए’ हे दोन शिक्के ओळखा. काही अमेरिकन रेझरवर १५ नोव्हेंबर १९०४ ही तारीख कोरलेली असते, ती दाखवून विकणारा ‘एकशेवीस वर्षांचा’ म्हणून भाव चढवतो. ती पेटंटची तारीख आहे, रेझर त्यानंतर कितीतरी वर्षांनी बनलेला असू शकतो. १९५१ नंतरच्या अमेरिकन जिलेटवर डोक्याच्या खालच्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा असतो. ‘ए’ म्हणजे १९५५, ‘बी’ १९५६, असं पुढे, आणि आकडा वर्षाची तिमाही. ‘एफ’ आणि ४ दिसलं तर १९६० सालातले शेवटचे तीन महिने.

भाव

दोन टोकं मनात धरा. खालचं टोक म्हणजे त्या दिवशीचा पितळेचा भाव. रेझर साधारण ५० ते ८० ग्रॅमचा, त्यामुळे मोडीत त्याचे फारसे पैसे होत नाहीत, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. वरचं टोक म्हणजे दुकानात मिळणारा नवा साधा सेफ्टी रेझर. वापरायला घेत असाल तर या दोघांच्या मध्येच कुठेतरी थांबा. मूळ डबी, आतला निळा किंवा जांभळा मखमली कप्पा आणि ब्लेडची पेटी शाबूत असेल तर थोडं वर जायला हरकत नाही.

घरी आणल्यावर

पितांबरी, चिंच, राख, तारेची घासणी, सगळं बाजूला ठेवा. देवाची भांडी त्यांनी उजळतात, पण रेझरवर निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा कागदाहूनही पातळ असतो आणि चोळला की जातो. सोन्याचा तर बघता बघता.

सुटे भाग करून कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून अर्धा तास ठेवा, मग मऊ टूथब्रश. दारांचा रेझर उघडा ठेवून बुडवा, चकती मधूनमधून फिरवा. काळा बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा दांडा असेल तर उकळतं पाणी अजिबात नको. बोअरचं पाणी वापरलेल्या घरातल्या रेझरवर क्षारांचा पांढरा कडक थर बसतो. त्यावर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, काही मिनिटंच, आणि लगेच स्वच्छ धुणं. जस्ती धातूच्या रेझरला हा उपाय करू नका.

मुख्य काम निर्जंतुकीकरणाचं. कोणाच्या गालावरून फिरलेली वस्तू आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि काविळीचे काही विषाणू रक्तातून पसरतात. मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, धुतलेले भाग त्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, वाळू द्या. रंग दिलेला दांडा यात बुडवू नका, तो पुसूनच घ्या. डबीत सापडलेलं जुनं ब्लेड कधीही वापरायचं नाही, वेष्टनात असलं तरी.

दारांच्या सांध्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल तेल थंडीत गोठतं, ते नको.

पहिली दाढी

आंघोळीनंतर करा, केस मऊ असतात. फेस भरपूर. डोकं गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणा, साधारण ३० अंशांच्या कोनात ब्लेड लागल्याचं कळतं. तिथून पुढे दाब द्यायचा नाही, रेझरचं वजन पुरतं. कार्ट्रिजच्या, म्हणजे आख्खं डोकं बदलायच्या रेझरची सवय असलेल्यांचा हात इथेच जड पडतो. केसांच्या दिशेनेच फिरवा. उलट दिशेचा मोह पहिले काही आठवडे आवरा, मानेवर तर नक्की.

ब्लेड चारपाच दाढ्यांनी बदला. वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नका, घंटागाडीवरच्या माणसाचा हात कापतो. रिकाम्या पत्र्याच्या डबीच्या झाकणाला चीर पाडा, त्यातून आत सोडत जा, आणि डबी भरली की टेपने बंद करून वर ‘ब्लेड’ असं ठळक लिहून सुक्या कचऱ्यात द्या.